विंचवाचे बिऱ्हाड आणि तात्पुरता परवाना

(मोठ्या गटासाठी वाचनपाठ. पालकांनी मुलांबरोबर बसून मोठ्याने वाचावा. शब्दांचे अर्थ जागच्या जागी दिले आहेत. स्वाध्याय शेवटी आहे.)



या वेळच्या पाठात एक म्हण, तीन शब्द आणि एक कायदा शिकायचा आहे. म्हण तुम्ही ऐकली असेल: विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर. बिऱ्हाड म्हणजे भाड्याच्या किंवा थोड्या दिवसांच्या जागेत थाटलेला संसार. रेल्वे, पोस्ट, पोलीस, बँक अशा बदलीच्या नोकरीत असणाऱ्यांना ही म्हण पूर्वी हमखास लावली जाई. दर दोन-तीन वर्षांनी ट्रंका भरायच्या, वळकट्या बांधायच्या आणि नव्या गावी नवी शाळा शोधायची. तुमच्या आजी-आजोबांपैकी कुणी अशा नोकरीत असेल तर फोनवर त्यांना जरूर विचारा. एक तास सहज जाईल.

आपण सॅन डिएगोत राहतो. येथे ही म्हण सर्वांत जास्त कुणाला लागू पडते? आपल्याला मुळीच नाही. आपण सात समुद्र ओलांडून आलो खरे, पण त्यानंतर घराचे हप्ते भरत एका जागी बसलो आहोत. ती लागू पडते नौदलातल्या आणि मरीन दलातल्या कुटुंबांना. आपण बाराखडी म्हणत असताना डोक्यावरून जी विमाने आवाज करत जातात ती मिरामारच्या तळावरची. (मिरामार नावाचा किनारा गोव्यात पणजीलाही आहे. स्पॅनिश असो की पोर्तुगीज, नावात समुद्राचे दर्शन आहे.) दक्षिणेला नौदलाचा मोठा तळ, खाडीपलीकडे कोरोनाडो, उत्तरेला कॅम्प पेंडलटन. तुमच्या शाळेत वर्षाच्या मध्येच येणारी आणि एक दिवस मध्येच निघून जाणारी मुले असतात. त्यांतली बरीचशी याच घरांतली. त्यांच्या वडिलांची किंवा आईची बदली दर दोन ते चार वर्षांनी होते, आणि ती बहुधा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात.

मुलांची शाळा बदलते हे सर्वांना दिसते. घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसाच्या नोकरीचे काय होते, हे फारसे कुणाच्या लक्षात येत नाही. आजचा पाठ त्याबद्दल आहे.

समजा, एक बाई नर्स आहे. व्हर्जिनियातल्या नॉरफोकला रुग्णालयात काम करते. नवरा नौदलात आहे आणि त्याची बदली सॅन डिएगोला होते. बाईंची पदवी तीच, हात तेच, अनुभव तोच, आणि माणसाचे शरीरही दोन्ही राज्यांत सारखेच. पण त्यांचा परवाना व्हर्जिनियाचा. कॅलिफोर्नियाचा परवाना मिळेपर्यंत येथल्या शहरातल्या रुग्णालयात त्यांना साधे इंजेक्शनही देता येत नाही. दिले तर तो गुन्हा होतो.

आता येथे एक गंमत पाहा. नवराच नर्स असता, म्हणजे नौदलाच्या वैद्यकीय दलात असता, तर त्याला काही अडचण नव्हती. सैन्यातल्या डॉक्टर-नर्सकडे कोणत्याही एका राज्याचा परवाना असला की लष्करी रुग्णालयात तो देशभर चालतो. केंद्राचा तसा कायदा आहे. बाल्बोआ पार्कजवळच्या नौदलाच्या मोठ्या रुग्णालयात व्हर्जिनियाचा परवाना घेऊन तो पहिल्या दिवसापासून कामाला लागेल. त्याच परवान्याचा कागद घेऊन त्याची बायको चार रस्ते पलीकडच्या खासगी रुग्णालयात गेली तर तिला दारातच थांबवतील. रोगी तोच, रोग तोच.

परवाना, सनद आणि तात्पुरता

परवाना हा शब्द फारसीतून आला. लेखी हुकूम, लेखी परवानगी असा त्याचा अर्थ. (हिंदी गाण्यांत दिव्यावर झेप घेणारा परवाना असतो तो पतंग, म्हणजे दिव्यावर येणारा किडा. त्याला कुणाची परवानगी लागत नाही.) सनद हा शब्द अरबी. वकिलाला वकिली करण्याचा जो अधिकार मिळतो त्याला मराठीत आजही सनदच म्हणतात. तात्पुरता म्हणजे तेवढ्यापुरता, त्या वेळेपुरता. यातला 'पुरता' हा 'पुरणे' या क्रियापदाचा नातलग आहे हे लक्षात ठेवा. पाठाच्या शेवटाकडे आपल्याला हेच विचारायचे आहे, की तात्पुरता परवाना पुरतो का?

पण परवाना लागतोच कशाला? याचे उत्तर खरे तर सोपे आहे. ज्याच्या चुकीने दुसऱ्याचा जीव जाईल किंवा घर पडेल, त्याची परीक्षा आधी घ्यावी, नंतर नको. आणि ही परीक्षा राज्याने का घ्यायची? अमेरिकेच्या राज्यघटनेत १७९१ साली दहावी दुरुस्ती झाली. जे अधिकार केंद्राला दिलेले नाहीत आणि राज्यांना नाकारलेले नाहीत, ते राज्यांकडे किंवा लोकांकडे राहतात असे तीत म्हटले आहे. लोकांचे आरोग्य आणि सुरक्षितता हा विषय मुख्यतः राज्यांकडे राहिला. वेस्ट व्हर्जिनियात डेंट नावाचे एक डॉक्टर कित्येक वर्षे रोगी तपासत होते. राज्याने नवा कायदा केला आणि त्यांच्या महाविद्यालयाची पदवी मानली नाही. ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १८८९ साली हरले. डॉक्टरांना परवाना सक्तीचा करण्याचा अधिकार राज्याला आहे, असा निकाल लागला. अभियंत्यांसाठी पहिला परवाना कायदा वायोमिंग राज्याने १९०७ साली केला.

तेव्हापासून यादी वाढतच गेली. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला राज्याचा परवाना लागणारे कामगार शेकडा ५ च्या आत होते. व्हाइट हाऊसने २०१५ साली एक अहवाल काढला, त्यात हे प्रमाण चौघांत एकाच्याही वर गेल्याचे म्हटले आहे. डॉक्टर, नर्स, शिक्षक, दंतवैद्य यांच्याबद्दल कुणाची तक्रार नाही. पण केस कापणारे, नखे रंगवणारे, मालिश करणारे हेही या यादीत आहेत. कॅलिफोर्नियात केशरचनेचा परवाना हवा असेल तर २०२१ पर्यंत १,६०० तासांचे शिक्षण लागे, २०२२ पासून १,००० तास लागतात. न्यूयॉर्कमध्ये १,००० तास आधीपासूनच होते. म्हणजे तेथली परवानाधारक बाई तेव्हा येथे आली की सहाशे तासांनी अपुरी ठरण्याची भीती असे. केस कॅलिफोर्नियात अधिक अवघड उगवतात असे आम्हांला तरी आढळलेले नाही.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात परवाना नाही, हे येथे सांगून टाकलेले बरे. टेक्सासने १९९८ साली सॉफ्टवेअर अभियांत्रिकीला परवान्याच्या शाखांत जागा दिली. पुढे २०१३ साली राष्ट्रीय पातळीवर तिची परीक्षाही सुरू झाली. बसणारे इतके थोडे निघाले की २०१९ नंतर ती बंदच केली. तेव्हा आम्ही लिहिलेल्या प्रोग्रॅमवर बँका चालतात, रुग्णालयातली यंत्रे चालतात, आणि एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाताना आम्हांला फक्त सामानाचा ट्रक ठरवावा लागतो. आपल्या वर्गातल्या बऱ्याच पालकांना त्यामुळे ही अडचण माहीतच नाही. माहीत आहे ती आपल्यातल्या दंतवैद्य, फिजिओथेरपिस्ट आणि डॉक्टर आयांना.

अडचण किती मोठी?

अमेरिकेच्या अर्थखात्याने आणि संरक्षणखात्याने मिळून फेब्रुवारी २०१२ मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला. नोकरी करणाऱ्या किंवा शोधणाऱ्या लष्करी जोडीदारांपैकी सुमारे ३५ टक्के जणांच्या कामाला परवाना किंवा प्रमाणपत्र लागते, असे त्यात आढळले. शिवाय एका वर्षात राज्य बदलण्याची शक्यता इतर विवाहितांपेक्षा त्यांच्या बाबतीत दहापट. संरक्षणखात्याच्या २०२१ सालच्या पाहणीत काम शोधूनही न मिळालेले लष्करी जोडीदार २१ टक्के होते. या जोडीदारांत पुरुषही आहेत, पण बहुसंख्य बायकाच.

थोडे गणित करू या. आकडे आम्ही सोपे म्हणून घेतले आहेत, कुणा एकीचे नाहीत. बदली ३० महिन्यांची. सामान लावण्यात १ महिना गेला. परवान्याची वाट पाहण्यात ५ महिने. नोकरी शोधण्यात २. पुढच्या बदलीची बांधाबांध १. उरले २१ महिने. म्हणजे दहा महिन्यांतले तीन महिने बिनपगारी. आता परवाना ५ ऐवजी १ महिन्यात मिळाला असे धरा. उरतील २५. चार महिन्यांचा पगार घरात आला. आणि पगाराखेरीज आणखी एक गोष्ट असते, ती गणितात मांडता येत नाही: नोकरीत सारखी पडणारी भोके. मुलाखत घेणारा विचारतो, "मध्ये हे आठ महिने काय करत होता?" परवान्याची वाट पाहत होते, हे उत्तर खरे असले तरी ऐकायला बरे वाटत नाही.

हे पाच महिने जातात कोठे? लोकांना वाटते, तपासणीत. अर्ज आणि कागदपत्रे हलवण्यात त्यांतले पुष्कळ जातात. बाईंनी ज्या ज्या राज्यांत परवाना घेतला त्या प्रत्येक राज्याचे पत्र हवे, महाविद्यालयाची गुणपत्रिका थेट महाविद्यालयाकडूनच हवी, बोटांचे ठसे हवेत. चार बदल्या झालेल्या बाईला चार राज्यांची पत्रे मागवावी लागतात. खरी तपासणी, म्हणजे या व्यक्तीवर कोठे कारवाई झाली आहे का हे पाहणे, आता फार वेळ खाणारी राहिलेली नाही. डॉक्टर व इतर आरोग्य व्यावसायिकांवरील कारवाईची राष्ट्रीय नोंदवही १९९० सालापासून आहे आणि नर्सचे परवाने संगणकावर पाहता येतात. आमच्या मते तात्पुरत्या परवान्याची सगळी कल्पना येथे उभी आहे. जे चटकन कळते ते आज पाहा आणि काम सुरू करू द्या. जे सावकाश येते ते येऊ द्या, तोवर बाई घरी बसायला नकोत.

राज्यांनी काय केले, केंद्राने काय केले

साधारण २०११-१२ पासून राज्यांनी कायदे बदलायला सुरुवात केली. त्यात देशप्रेम होतेच, पण व्यवहारही होता. फेब्रुवारी २०१८ मध्ये लष्कर, नौदल आणि हवाई दलाच्या सचिवांनी राज्यपालांच्या संघटनेला पत्र लिहिले. नवी पथके व तळ कोठे ठेवायचे हे ठरवताना तेथल्या शाळा कशा आहेत आणि राज्य जोडीदारांचे परवाने मानते का, हे पाहिले जाईल, असे त्यात कळवले होते. तळ गेला तर हजारो पगार जातात. पत्राचा परिणाम भाषणांपेक्षा लवकर झाला असावा, असा आमचा अंदाज.

टेक्सासने २०१९ साली ठरवले की लष्करी जोडीदाराकडे दुसऱ्या राज्याचा चालू परवाना असेल तर मंडळाला कळवून, मंडळाची खात्री पटल्यावर तीन वर्षांपर्यंत टेक्सासचा परवाना न घेता काम करता येईल. ॲरिझोनाने त्याच वर्षी आणखी पुढे जाऊन, राज्यात राहायला येणाऱ्या कुणाचाही दुसऱ्या राज्यातला परवाना मानायचे ठरवले. तसे करणारे ते पहिले राज्य. आपले कॅलिफोर्निया या बाबतीत जरा जपून पाऊल टाकणारे. आधी काही मोजक्याच धंद्यांसाठी तात्पुरता परवाना होता. १ जुलै २०२३ पासून ग्राहक व्यवहार खात्याखालच्या बहुतेक सर्व मंडळांना तो द्यावा लागतो. कागदपत्रे मिळाल्यावर आणि पार्श्वभूमीच्या तपासणीत आक्षेपार्ह काही न निघाल्यास ३० दिवसांत परवाना द्यायचा, असे बंधन आहे. त्याची मुदत १२ महिने. पुन्हा नवा करून मिळत नाही. त्या बारा महिन्यांत कायमचा परवाना काढून घ्यायचा.

नर्सच्या बाबतीत आणखी एक वाट आहे, राज्या-राज्यांतील कराराची. कराराला इंग्रजीत कॉम्पॅक्ट म्हणतात. २००० सालापासून सुरू झालेल्या नर्सच्या करारात आता चाळीसहून अधिक राज्ये व प्रदेश आहेत. एका राज्याचा बहुराज्य परवाना बाकीच्यांत चालतो. कॅलिफोर्निया मात्र त्यात नाही. म्हणून आपल्या गोष्टीतल्या नर्सबाईंची बदली व्हर्जिनियाहून टेक्सासला झाली असती तर त्यांचे काम सोपे होते. दोन्ही राज्ये करारात आहेत. नशिबात सॅन डिएगोचे हवामान आले.

आता केंद्राकडे वळू. वर आपण म्हटले की परवाना हा राज्यांचा विषय. मग केंद्राने त्यात हात कसा घातला? सैन्य उभारणे आणि सांभाळणे हे घटनेने केंद्राचे काम ठरवले आहे. सैनिक लढायला गेला असताना त्याच्या घरावर जप्ती येऊ नये, त्याच्यावर पाठीमागे दावे चालू नयेत, यासाठी १९१८ साली पहिल्या महायुद्धात एक कायदा झाला. १९४० साली तो नव्याने केला आणि २००३ साली पुन्हा लिहून काढला. कर्ज, भाडे, कर, दावे असे विषय त्यात होते. ५ जानेवारी २०२३ रोजी त्यात परवान्याचे कलम आले. सैनिक किंवा त्याचा जोडीदार लष्करी हुकमामुळे दुसऱ्या राज्यात गेला, तर त्याचा आधीचा परवाना नव्या राज्यातही, हुकमाची मुदत असेपर्यंत, चालेल. अटी तेव्हा अशा होत्या, की परवाना निष्कलंक असावा, बदलीपूर्वीच्या दोन वर्षांत तो वापरलेला असावा, हुकमाची प्रत नव्या मंडळाला द्यावी, आणि कामाचे नियम नव्या राज्याचेच पाळावेत. वकिलीची सनद मात्र त्या कायद्याने वगळली.

कायदा झाला म्हणून मंडळाच्या खिडकीवर लगेच उजाडले असे नाही. टेक्सासमध्ये हवाई दलातल्या सैनिकाची पत्नी शाळेत समुपदेशक होती, म्हणजे मुलांना सल्ला देणारी. तिच्याकडे दुसऱ्या राज्याचे प्रमाणपत्र होते. टेक्सासच्या नियमात आधी वर्गात शिकवल्याचा अनुभव हवा होता, म्हणून अडवणूक झाली. तिने केंद्रीय न्यायालयात दावा लावला, केंद्राच्या न्यायखात्याने तिच्या म्हणण्याला पाठिंबा दिला, आणि जुलै २०२३ मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला. नव्या कलमाची ही पहिली मोठी कसोटी.

डिसेंबर २०२४ मध्ये संरक्षण खर्चाच्या कायद्यातून हे कलम सुधारले गेले. आता अर्जासोबत काय जोडायचे हे स्पष्ट लिहिले आहे: बदलीच्या हुकमाचा पुरावा, जोडीदार असल्यास विवाहाच्या दाखल्याची प्रत, आणि नोटरीसमोर केलेले प्रतिज्ञापत्र. प्रतिज्ञापत्र म्हणजे 'मी लिहिले ते खरे आहे, खोटे निघाल्यास शिक्षेला पात्र राहीन' असा शपथेचा कागद. मंडळाला पार्श्वभूमीची तपासणी करता येते, आणि तात्पुरता परवाना देता येतो. त्या परवान्याचे हक्क आणि जबाबदाऱ्या कायम परवान्यासारख्याच असतात.

पैशाचे थोडक्यात. नवा परवाना काढण्याचा खर्च संरक्षणखात्याकडून भरून देण्याची सोय डिसेंबर २०१७ च्या कायद्याने झाली, ५०० डॉलरपर्यंत. दोन वर्षांनी मर्यादा १,००० केली.

आतापर्यंत जोडीदारांबद्दलच बोललो. स्वतः सैनिकाची अडचण वेगळ्या जातीची असते. सैन्यात असताना त्याला चालते ते बाहेर आल्यावर चालत नाही. लष्करी ट्रक चालवायला मुलकी व्यावसायिक परवाना लागत नाही. नोकरी सोडून आला की लागतो. त्यासाठी २०११ पासून अशी सवलत आहे की ज्याने सैन्यात दोन वर्षे अवजड वाहन नीट चालवले आहे, त्याला राज्य प्रत्यक्ष चालवण्याच्या परीक्षेतून सूट देऊ शकते. रणांगणावर जखमा बांधलेल्या वैद्यकीय सैनिकाला मात्र बाहेर आल्यावर बहुधा पुन्हा वर्गात बसावे लागते. आम्हांला हे थोडे बोचते, पण गोळीची जखम बांधणे आणि ऐंशी वर्षांच्या आजोबांची औषधे सांभाळणे ही दोन वेगळी कामे आहेत हेही खरे.

आपल्याकडे कसे?

भारतातही नर्सची नोंदणी राज्याच्या परिषदेकडे असते. देवळालीहून किंवा खडकीहून बदली होऊन दुसऱ्या राज्यात गेलेल्या जवानाच्या नर्स पत्नीला महाराष्ट्राच्या परिषदेकडून ना-हरकत पत्र घेऊन नव्या राज्यात नोंदणी करावी लागते. वकिलांचे उलट आहे. सनद राज्याच्या बार कौन्सिलची, पण १९६१ च्या कायद्यातले तीसावे कलम १५ जून २०११ पासून लागू झाले आणि तिच्यावर देशभर वकिली करण्याचा हक्क मिळाला. म्हणजे अमेरिकेने २०२३ साली जी एक सनद वगळली, नेमकी तीच भारतात सगळीकडे चालते.

पालकांसाठी एक खुलासा. पुण्याची किंवा नागपूरची पदवी घेऊन आलेल्या दंतवैद्याला या कायद्यांचा थेट उपयोग नाही. कारण येथे एक राज्य दुसऱ्या राज्याच्या परीक्षेवर भरवसा ठेवते. परदेशी पदवीला आधी येथले शिक्षण व परीक्षा पार कराव्या लागतात आणि कोणत्या तरी एका राज्याचा परवाना मिळवावा लागतो. तो एकदा मिळाला आणि जोडीदार सैन्यात असला, तर मात्र पदवी मुळात कोठली हे आड येत नाही.

पुरतो का?

आता ठरवल्याप्रमाणे प्रश्न विचारू. तात्पुरता परवाना पुरतो का?

नर्सबाईंच्या पहिल्या पाच महिन्यांसाठी पुरतो, आणि ही लहान गोष्ट नाही. रुग्णालयाला माणूस मिळते, घरात पगार येतो. पण बारा महिन्यांची मुदत आणि तीस महिन्यांची बदली यांचा मेळ बसत नाही. मध्येच कायम परवान्याचे कागद हलवावेच लागतात. शिवाय कागदावर 'तात्पुरता' हा शब्द दिसला की काही मालक बिचकतात. हक्क सारखे असले तरी शब्दाचा परिणाम होतो. शब्दांचा वर्ग चालवणाऱ्यांना हे सांगायला नको.

आम्हांला खटकते ते वेगळेच. केंद्राच्या कलमाखाली बाईंचे काम चालते ते नवऱ्याच्या हुकमाच्या आधाराने. शिक्षण बाईंचे, परीक्षा बाईंनी दिलेली, रात्रपाळ्या बाईंच्या, आणि परवान्याची मुदत मात्र नवऱ्याच्या बदलीच्या कागदावर लिहिलेली. हुकूम संपला, नवऱ्याने नोकरी सोडली, किंवा घटस्फोट झाला, तर पायाखालची फळी हलते. आपल्यातल्या ज्या आया नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून येथे आल्या, आणि ज्यांतल्या काहींनाच २०१५ पासून कामाची परवानगी मिळू लागली, त्यांना ही स्थिती समजावून सांगावी लागणार नाही. म्हणून ज्यांना शक्य आहे त्यांनी तात्पुरत्यावर न थांबता मिळालेल्या वेळात कायम परवान्याचा अर्ज करावा असे आम्हांला वाटते. राज्यांचे करार जसजसे वाढतील तसतशी परिस्थिती सुधारेल. संरक्षणखात्याच्या मदतीने २०२० पासून शिक्षक, समाजसेवक, केशरचनाकार, दंतवैद्य अशा अनेक व्यवसायांचे करार तयार झाले आहेत. करारातला परवाना बाईंचा स्वतःचा असतो. त्यात नवऱ्याच्या हुकमाची प्रत जोडावी लागत नाही.

स्वाध्याय

१. 'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण वापरून पाच वाक्यांचा परिच्छेद लिहा. विंचू वगळून इतर कोणत्याही प्राण्याबद्दल लिहू नये. (गेल्या वेळी तीन जणांनी गोगलगायीवर निबंध लिहिला होता.)

२. पाठातले ३० महिन्यांचे गणित चार बदल्यांसाठी करा. तात्पुरत्या परवान्यामुळे एकूण किती महिने वाचले? उत्तर मराठी अंकांत आणि अक्षरांत लिहावे.

३. वादविवाद: 'दुसऱ्या राज्याच्या परवान्यावर पहिल्या दिवसापासून काम करू द्यावे.' डाव्या बाकांनी बाजूने बोलावे, उजव्या बाकांनी विरुद्ध. विरुद्ध बोलणाऱ्यांनी रोग्याच्या बाजूने विचार करावा, नुसते नियमाचे तुणतुणे वाजवू नये.

४. तुमच्या शाळेत लष्करी घरातला मित्र किंवा मैत्रीण असेल तर आतापर्यंत किती शाळा झाल्या ते विचारा आणि गावांची नावे देवनागरीत लिहून आणा. मर्फ्रीसबरो आणि अल्बुकर्की लिहिताना पालकांची मदत घेतली तरी चालेल.

वह्या पुढच्या वर्गाला आणाव्यात.